औषधांची आपसातली भांडणं उंदराला विचारून कळतात का?

यकृतवाला: दोन औषधं एकत्र घेतल्यावर यकृतात काय होईल, याचा अंदाज उंदरांवरून बांधणं आता पुरे, तो डिशमध्ये ठेवलेल्या माणसाच्या यकृतपेशींवरून बांधा. टीबीचं रिफाम्पिसिन बघा. माणसाच्या यकृतात ते पीएक्सआर या रिसेप्टरला (पेशीतल्या संदेश घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, औषधं मोडणारं सीवायपी३ए४ हे एन्झाइम भराभर वाढतं आणि गर्भनिरोधक गोळीतली संप्रेरकं काम करायच्या आत मोडून जातात. पेशंटला दिसते ती फक्त नारंगी लघवी. उंदराचा पीएक्सआर रिफाम्पिसिनला फारशी दादच देत नाही. सशाचा देतो! मग ऐकायचं कोणाचं?

पिंजरेवाली: अर्धीच गोष्ट सांगितलीत. जपान, १९९३. नागीण या रोगावरचं सोरिव्हुडीन हे औषध बाजारात आलं आणि ४० दिवसांत १५ जण गेले. कॅन्सरसाठी ते ५-एफयू (फ्लुरोयुरॅसिल) गटातलं औषधही घेत होते. आतड्यातले जिवाणू सोरिव्हुडीनपासून बीव्हीयू नावाचं रसायन बनवतात, ते ५-एफयू मोडणारं यकृतातलं डीपीडी एन्झाइम कायमचं बाद करतं, आणि ५-एफयू अंगात साचत जातं. उंदरांना दोन्ही एकत्र दिली तेव्हा तेही दहा दिवसांत मेले. तुमच्या डिशमधल्या यकृतपेशींना आतडं कुठून आणणार?

यकृतवाला: पण तो प्रयोग माणसं गेल्यानंतरचा ना? वरातीमागून घोडं.

पिंजरेवाली: घोडं उशिरा नेलं, हा घोड्याचा दोष?

चहा_आणि_मायक्रोसोम: मधे पडतो. मी उंदरांची यकृतं बर्फावर कुटून मायक्रोसोम (औषधं मोडणारी एन्झाइमं असलेले पेशींचे बारीक कण) काढलेत, आणि विकत आणलेले माणसाचेही वापरलेत. तेच औषध, पण मोडायचा वेग वेगळा, कधी तुकडेही वेगळे. माणसात सीवायपी गटातल्या एन्झाइमांची ५७ जनुकं, उंदरात १०२. उंदराचा आकडा माणसाला लावायची माझी तरी हिंमत होत नाही. विषबाधा कुठल्या अवयवात दिसेल, एवढंच त्याला विचारावं.

यकृतवाला: तेच तर. आधी माणसाच्या यकृतपेशी, मग मोजक्या निरोगी स्वयंसेवकांना नव्या औषधासोबत मिडॅझोलामचा (सीवायपी३ए४ मोडतं त्या गुंगीच्या औषधाचा) छोटा डोस. ते रक्तात किती टिकतं, यावरून सीवायपी३ए४ चं काय झालं ते कळतं. २०२३ पासून आपल्याकडच्या औषध-चाचणी नियमांतही प्राण्यांविना पद्धतींना जागा आहे.

पिंजरेवाली: मिडॅझोलाम सीवायपी३ए४ चं सांगेल. डीपीडीबद्दल ते मुकंच. सोरिव्हुडीनसारखं दुसरं काही आलं, तर त्या स्वयंसेवकांत तुम्ही स्वतः नाव घालाल?