मदत हवी आहे: चरणजित सिंग यांचे सिंथेसायझरवरचे दहा राग

वादक चरणजित सिंग यांचा १९८२चा ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हा अल्बम आठवडाभर ऐकतोय आणि काही केल्या मत ठरत नाहीये. रोलँड कंपनीची तीन यंत्रं: ज्युपिटर-८ सिंथेसायझर, खर्जातले सूर वाजवणारा टीबी-३०३, ठेका देणारा टीआर-८०८. त्यांवर भैरव, ललत, तोडी, मालकंस! ३०३ एका सुरावरून दुसऱ्यावर घसरतो तेव्हा मींड ऐकल्यासारखं वाटतं, अंगावर काटा येतो. पण आलाप जवळजवळ नाहीच, ठेका सगळीकडे तोच. मेघमल्हारापर्यंत कान शिणतात (डोकं मात्र डोलतच असतं). भैरवातला आंदोलित (हळुवार झुलणारा) रिषभ तर मला सापडतच नाही. शास्त्रीय शिकलेल्यांनी सांगाल का, तो खरंच निसटलाय की माझाच कान कच्चा? आणि संथ लयीतलं, सिंथेसायझरवरचं रागसंगीत कुणी सुचवेल का?