'एमपी४ फॉरमॅटमध्ये पाठव' म्हणजे नेमकं काय मागितलं?

प्रश्न : माहितीपटाचं चित्रीकरण करणाऱ्या मित्राला मी एवढंच कळवलं होतं. त्याने तशी फाइल पाठवली. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज येतो, चित्राच्या जागी काळा पडदा. 'फॉरमॅट'ऐवजी 'प्रारूप' म्हणावं का?

प्रतिसाद : 'प्रारूप' नको. प्रारूप मतदार यादी, प्रारूप आराखडा असं आपण म्हणतो, तिथे त्याचा अर्थ कच्चा मसुदा. तसं 'फॉरमॅट'ही मराठीत फार कामांना जुंपलेलं आहे : अर्जाचा फॉरमॅट म्हणजे नमुना, आणि पेनड्राइव्ह फॉरमॅट मारला की सगळं पुसलं जातं. मुळात हा शब्द पुस्तकाच्या आकारमानाचा, आपल्या डेमी-क्राउनसारखा. बाहेरून पुस्तक केवढं ते कळतं, आतला मजकूर कोणत्या भाषेत आहे ते कळत नाही. तुमची अडचण हीच आहे.

एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही हे नुसते डबे. त्यात चित्र, आवाज, उपशीर्षकं एकत्र ठेवतात. चित्र कसं दाबून बसवलंय ते कोडेक ठरवतो : एच.२६४, एचईव्हीसी, प्रोरेस. तुमच्या सॉफ्टवेअरला चित्राचा कोडेक उलगडता येत नसावा, म्हणून आवाज येतो आणि पडदा काळा. कंटेनरला मी सरळ 'डबा' म्हणतो, कोडेकला कोडेकच. 'कन्व्हर्ट कर' हेही तसंच मोघम. माल तोच ठेवून डबा बदलला तर दर्जा तसूभरही घटत नाही, नव्याने दाबला तर बहुधा घटतो. नुसतं फाइलचं नाव बदलून तर डबाही बदलत नाही.

संकलनाला मी प्रोरेस ४२२ मागवतो. त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे साठवलेली असते. एच.२६४ मध्ये बऱ्याच फ्रेम शेजारच्या फ्रेमपासूनच्या फरकाने लिहिलेल्या असतात, म्हणून टाइमलाइनवर मागेपुढे सरकताना मशीन अडखळतं. मात्र १०८० रेषांचं, सेकंदाला ३० फ्रेमचं प्रोरेस ४२२ तासाला साधारण ६६ जीबी खातं, तेवढी जागा आधी बघा. इंटरनेटवर चढवायला एमपी४मध्ये एच.२६४ पुरे. पारदर्शक पार्श्वभूमीचं शीर्षक हवं असेल तर प्रोरेस ४४४४.

पूरक प्रश्न : फाइलची माहिती उघडून पाहिली. डबा एमपी४, कोडेक एचईव्हीसी. आता काय लिहून पाठवू?

प्रतिसाद : 'एमओव्ही, प्रोरेस ४२२, फ्रेमरेट चित्रीकरणाचाच.' आणि मूळ फाइल पुसू नकोस, हेही लिहा.