शिरेतून दिलेलं आयसीजी मूत्रवाहिनीत पोचत नाही
असा एक दावा केला जातो की शस्त्रक्रियेत आयसीजी (इंडोसायनीन ग्रीन हा चमकणारा रंग) शिरेतून दिलं की मूत्रवाहिनी, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी नेणारी नळी, पडद्यावर चमकते, मग ती चुकून कापली जाण्याची भीती नाही. इथे गल्लत होतेय. इंडोसायनीन ग्रीन रक्तातल्या प्रथिनांना चिकटतं आणि यकृतावाटे पित्तात जातं. लघवीत उतरतच नाही. मूत्रवाहिनी दाखवायची तर दुर्बिणीने कॅथेटर घालून रंग थेट तिच्यात सोडावा लागतो. म्हणजे आणखी एक प्रक्रिया आलीच.

मिथिलीन ब्लू हा दुसरा रंग लघवीतून जातो खरा, पण त्याची चमक ७०० नॅनोमीटरच्या आसपासची, म्हणजे आयसीजीपेक्षा आखूड तरंगलांबीची, त्यामुळे चरबीआडून आणखीच कमी दिसते (आयसीजीचीही धाव जेमतेम सेंटिमीटरभर). शिवाय रुग्ण नैराश्यावरची एसएसआरआय गोळी घेत असेल तर सेरोटोनिन सिंड्रोमचा (शरीरात सेरोटोनिन हे रसायन फार वाढून होणाऱ्या गंभीर त्रासाचा) धोका. रंग देण्याआधी औषधांची यादी बघायलाच हवी.