कालवांची प्रतिकारशक्ती : संशोधनाची सुरुवात कुठून करावी?

प्रश्न (नवा संशोधक, रत्नागिरी)
सागरविज्ञानात एम.एस्सी. झाल्यावर खाडीतील कालवांच्या रोगांवर काम करण्याचा माझा विचार आहे. कालवांत प्रतिपिंडे तयार होत नाहीत आणि संरक्षणाचा भार हिमोलिम्फमधील (त्यांच्या रक्तासारख्या द्रवातील) हिमोसाइट या रक्तपेशींवर असतो, हे शिकलो आहे. मग पूर्वीच्या संसर्गाची ‘स्मृती’ त्यांना राहते का, हा विषय घ्यावा का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (खाडीकर)
प्रश्न निरर्थक मुळीच नाही. फ्रान्समध्ये 2008 पासून नागीणवर्गीय (हर्पिस) विषाणूच्या नव्या प्रकाराने पॅसिफिक कालवांची पिल्ले मोठ्या प्रमाणावर मेली. त्यानंतरच्या प्रयोगांत, विषाणूच्या आरएनएसारखा कृत्रिम रेणू आधी टोचलेली कालवे पुढे त्याच विषाणूपासून काही महिने बचावलेली दिसली. मात्र तिथे रोगकारक ओळखीचा होता. आपल्या खाडीत कोणता रोग आहे हेच ठाऊक नसताना स्मृती मोजायची ती कशाची?

उत्तर २ (सूक्ष्मदर्शीवाल्या बाई)
सहमत. मी पर्किन्सस या परजीवीपासून सुरुवात करीन. भारताच्या आग्नेय किनाऱ्यावरील मोत्यांच्या कालवांत त्याची एक जात नोंदली गेली आहे. अमेरिकेतील त्याच्या भाऊबंदाचा कावा पाहण्यासारखा आहे : हिमोसाइट त्याला गिळते, पण तो पेशीतील विषारी ऑक्सिजन-रेणू निष्प्रभ करून तिच्यातच वाढतो आणि तिच्याबरोबर शरीरभर फिरतो. म्हणजे पहारेकरीच चोराला खांद्यावर घेऊन हिंडतो! तपासणी 1952 पासून प्रचलित असलेल्या पद्धतीने करता येते. कल्ले व प्रावार (शिंपल्याच्या आतले मऊ आवरण) यांचे तुकडे प्रतिजैविके घातलेल्या थायोग्लायकोलेट या पोषक द्रवात आठवडाभर अंधारात ठेवून त्यांवर आयोडीन टाकले, की परजीवीच्या फुगलेल्या पेशी निळ्या-काळ्या दिसतात. जात ठरवण्यासाठी मात्र पीसीआर (डीएनएची चाचणी) हवीच.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. नमुने एकदाच घेतले तर चालतील का?

उत्तर ३ (खाडीकर)
नाही. हा परजीवी उष्ण आणि खारट पाण्यात फोफावतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात खाडीची क्षारता एकदम खाली येते. त्यामुळे मे महिन्यातील नमुन्यांवरून ऑगस्टविषयी काहीही सांगता येणार नाही. किमान वर्षभर, दरमहा, त्याच जागेवरून नमुने घ्या आणि प्रत्येक वेळी तापमान व क्षारता नोंदवा. हिमोलिम्फ बंधक स्नायूतून (शिंपला मिटणाऱ्या स्नायूतून) काढल्यावर लगेच बर्फावर ठेवा, कारण हिमोसाइट काही मिनिटांत एकमेकींना चिकटतात आणि मग मोजणी फसते.