गॉडझिला, राडारोडा आणि आपली पॉलिसी

देशपांडे सी-३०४: काल गच्चीवर रात्री ११.४० पर्यंत गॉडझिला ओरडत होता. आणि प्रोजेक्टरचं भाडं कुठल्या खात्यातून गेलं?

जोशीकाका ए-१०२: भाड्याचं नंतर बघू. पोरांचा प्रश्न रास्त आहे, गॉडझिलाने पाडलेल्याची भरपाई कोण देणार? १९५४ च्या जपानी चित्रपटात त्या राक्षसी प्राण्याने टोकियो तुडवलं, गिन्झा भागातला घड्याळाचा मनोरा पडला, संसद पडली.

सावंत मॅडम बी-६०१: आपल्या जुन्या आग पॉलिसीत 'वाहन किंवा प्राणी' थेट आदळून झालेलं नुकसान धरायचे. अट अशी, प्राणी विमेदाराचा नसावा. म्हणजे पाय पडला तर दावा लागतो. तोंडातून किरणोत्सर्ग सोडला की संपलं, अणू-अपवाद लागतो, किरणोत्सर्गाच्या नुकसानीला विमा नाही.

पिंट्या डी-५०३: म्हणजे विम्याच्या सर्व्हेअरने आधी ठसा मोजायचा 😂

कदम ए-४०१: प्राणी विमेदाराचा नसावा?? मग बी विंगच्या कुत्र्याचं काय?

सावंत मॅडम बी-६०१: कदमसाहेब, तो विषय सभेत झालाय.

देशपांडे सी-३०४: भाडं कुठल्या खात्यातून?

जोशीकाका ए-१०२: जपानात भूकंप विमा आग पॉलिसीला जोडून मिळतो, तोही तिच्या रकमेच्या ३० ते ५० टक्केच. पण भूकंप, ज्वालामुखी आणि त्यातून आलेली त्सुनामी एवढ्यालाच. गॉडझिला समुद्रातून उठल्यावर आलेली लाट त्यात बसत नाही.

सावंत मॅडम बी-६०१: काका, खरा खर्च पडझडीनंतरचा. १९९५ मध्ये जपानात कोबेच्या भूकंपात सुमारे १० लाख कोटी येनचं नुकसान झालं. तिथलं बंदर कंटेनरमध्ये जगात सहावं होतं. धक्के निकामी झाले, जहाजं बुसानकडे वळली. दुरुस्तीनंतरही बरीचशी परत आली नाहीत.

जोशीकाका ए-१०२: २०११ च्या भूकंप-त्सुनामीचे १६.९ लाख कोटी येन. त्यात फुकुशिमाच्या अणुभट्टीची भरपाई धरलेलीच नाही, आणि गॉडझिलाच्या बिलात तीच मोठी निघेल.

कदम ए-४०१: काका, आपल्याकडे समुद्र नाही. मुद्द्यावर या.

सावंत मॅडम बी-६०१: मुद्दा हाच. घराच्या भारत गृह रक्षा पॉलिसीत राडारोडा उचलायला दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंतच मिळतात. आख्खी विंग खाली आली तर ते डंपरलाही पुरणार नाहीत. आणि विमा रक्कम बांधकाम खर्चावर काढा, जागेचा भाव धरू नका. तळमजल्याच्या गाळ्यांना अंडर-इन्शुरन्स (खऱ्या किमतीपेक्षा कमी विमा) लागू शकतो: २० कोटींची मालमत्ता १० कोटींना दाखवली, नुकसान ४ कोटी, तर हातात २.

कदम ए-४०१: गाळेवाल्यांनी आपलं आपण बघावं. आम्ही का भरायचं?

पिंट्या डी-५०३: गॉडझिला गाळे बघून पाय टाकत नाही काका

देशपांडे सी-३०४: तिसऱ्यांदा विचारतोय. भाडं.

सेक्रेटरी: वर्गणीतून. १२०० रु. पावती नोटीस बोर्डावर लावली आहे.