ट्रान्झिट मिक्सरचे पार्क रिजन मध्येच थांबते: डीपीएफ बदलण्यापूर्वी काय तपासावे?

मिक्सरमालक_चाकण (प्रश्न)

नमस्कार. आमचा बीएस-6 इंजिनाचा ट्रान्झिट मिक्सर चाकण-तळेगाव भागातील साइटवर काँक्रीट पोहोचवतो. खेपा जवळच्या असतात आणि पंप मोकळा होईपर्यंत इंजिन व ड्रम चालू ठेवून बराच वेळ उभे राहावे लागते. गेल्या महिन्यापासून डीपीएफचा (धुरातील काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा विझत नाही, भरलेली गाडी चढावर उचलत नाही आणि स्कॅनरवर एसपीएन 3719, एफएमआय 16 हा कोड येतो. बटण दाबून पार्क रिजन (गाडी उभी ठेवून फिल्टरमधील काजळी जाळण्याची प्रक्रिया) सुरू केले की इंजिनाचे आरपीएम वाढतात, परंतु दहा-पंधरा मिनिटांत रिजन आपोआप बंद पडते आणि काजळीची टक्केवारी जवळपास तेवढीच राहते. एका वर्कशॉपने पूर्ण फिल्टर बदलण्यास सांगितले आहे, तर एका गॅरेजवाल्याने फिल्टर काढून सॉफ्टवेअर बदलून घेण्याचा सल्ला दिला आहे. एवढा खर्च करण्यापूर्वी नेमके काय तपासावे?

डिझेलकारागीर_सोलापूर

आपण दिलेला कोड फिल्टरमधील काजळी मर्यादेबाहेर गेल्याचे सांगतो; ती का जळत नाही, याचे उत्तर त्या कोडमध्ये नाही. त्यामुळे केवळ त्याच्या आधारावर फिल्टर बदलणे मला घाईचे वाटते, कारण मूळ दोष तसाच राहिला तर नवा फिल्टरही काही आठवड्यांत भरेल.

रिजन दोन टप्प्यांत घडते. आधी इंजिन स्वतःचा धूर तापवते, म्हणजे आरपीएम वाढवून आणि हवेचा किंवा धुराचा मार्ग आवळून डीओसीच्या (फिल्टरच्या आधी बसवलेल्या उत्प्रेरकाच्या) तोंडाशी साधारण 250 ते 300 अंश सेल्सिअस तापमान आणते. त्यानंतरच धुरात जादा डिझेल सोडले जाते, ते डीओसीमध्ये जळते आणि फिल्टरमध्ये शिरणारा वायू 550 ते 600 अंशांच्या आसपास पोहोचतो. एवढी उष्णता टिकून राहिली तर अर्ध्या-पाऊण तासात काजळी जळून जाते. म्हणून पुढचे रिजन करताना स्कॅनरवर डीओसीपूर्वीचे आणि डीओसीनंतरचे अशी दोन्ही तापमाने शेजारी-शेजारी उघडी ठेवा.

पहिले तापमानच 250 च्या वर जात नसेल, तर दोष इंजिनाच्या बाजूला शोधावा. उघडा राहिलेला थर्मोस्टॅट, इंटरकूलरच्या होजमधील हवेची गळती, अडकलेला थ्रॉटल व्हॉल्व्ह किंवा डीओसीच्या आधीच धूर गळू देणारा सांधा ही नेहमीची कारणे आहेत. पहिले तापमान नीट येत असूनही दुसरे वर चढत नसेल, तर एक तर डिझेल तेथे पोहोचत नाही किंवा पोहोचूनही जळत नाही. हा फरक सायलेन्सरच्या तोंडाशी उभे राहून कळतो: पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास येत असेल तर डीओसी निकामी किंवा काजळीने तोंडाशी बंद झालेला आहे, धूर आणि वास दोन्ही नसतील तर डोसर (धुरात डिझेल सोडणारा भाग) किंवा त्याची इंधन नळी तपासावी.

डिफरन्शियल प्रेशर सेन्सरही (फिल्टरच्या आधीच्या व नंतरच्या दाबातील फरक मोजणारा) पाहून घ्या. चावी चालू आणि इंजिन बंद असताना त्याचे वाचन शून्याजवळ असले पाहिजे. त्याच्या दोन बारीक नळ्यांपैकी एक तडकली, पाण्याने भरली किंवा उलटी जोडली गेली, तरी कंट्रोलरचा काजळीचा हिशेब चुकतो.

फिल्टर काढून टाकण्याचा सल्ला मात्र मानू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून दूर जाणारे असे फेरफार करता येत नाहीत. शिवाय ज्या दोषामुळे एवढी काजळी तयार होते, तो इंजिनात तसाच राहील.

ताफा_व्यवस्थापक

वरील उत्तराला थोडी पुस्ती जोडतो. मिक्सरमध्ये ड्रम पीटीओवर (इंजिनाची शक्ती ड्रमला देणाऱ्या जोडणीवर) चालतो आणि अनेक गाड्यांत पीटीओ चालू असल्याची नोंद मिळताच कंट्रोलर रिजन थांबवतो. ड्रम रिकामा करून, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून आणि क्लचवरून पाय काढूनच रिजन करावे. खाली वाळलेले गवत किंवा शटरिंगच्या फळ्या नसाव्यात, कारण बाहेर पडणारा धूर भलताच तापलेला असतो.

आमच्याकडे काही जण फिल्टर काढून प्रेशर पंपाने धुतात, ते मला अजिबात मान्य नाही. आतील लेप खराब होतो आणि साचलेली राख आणखी घट्ट बसते. राख इंजिन ऑइलमधील पूरक द्रव्यांची असते आणि ती कितीही रिजन केले तरी जळत नाही. तिच्यासाठी भट्टी आणि उलट्या दिशेने हवा देणारे यंत्र लागते, व काम झाल्यावर आधीचे आणि नंतरचे वजन लिहून मागावे.

मिक्सरमालक_चाकण

सविस्तर उत्तरांबद्दल दोघांचेही आभार. ड्रम रिकामा करून आणि पीटीओ बंद ठेवून पुन्हा रिजन लावले. डीओसीपूर्वीचे तापमान 290 पर्यंत गेले, नंतरचे 300 च्या आसपास अडकले आणि रिजन बंद पडले. पांढरा धूर नव्हता, डिझेलचा वासही नव्हता. प्रेशर सेन्सर इंजिन बंद असताना शून्य दाखवतो.

डिझेलकारागीर_सोलापूर

मग संशय डोसरवर आहे. त्याला इंधनदाब मिळतो का, हे आधी मोजा. दाब ठीक असेल तर डोसर खोलून त्याचे टोक पाहा, बहुधा ते कार्बनने बुजलेले असेल. साफ करून लगेच बसवू नका. बऱ्याच इंजिनांत डोसरभोवती कूलंट फिरवून त्याला थंड ठेवलेले असते, आणि ती कूलंट नळी तुंबली असेल तर टोक पुन्हा जळून बंद होईल.

दुरुस्तीनंतर पहिले रिजन कोणीतरी स्कॅनर घेऊन समोर उभे असतानाच करा. फिल्टरमध्ये काजळी जास्त साचलेली आहे, ती एकदम पेटली तर आतील सिरॅमिक तडकू शकते. म्हणून डीपीएफनंतरचे तापमान झपाट्याने चढू लागले तर रिजन थांबवा. काजळीची टक्केवारी स्कॅनरवरून शून्य करून घेण्याची सूचना कोणी केली तर त्याच कारणासाठी नकार द्या, कारण आकडा बदलला तरी काजळी आतच राहते आणि कंट्रोलरला मात्र फिल्टर मोकळा असल्याचे वाटते.

रिजन पूर्ण होऊनही दिवा लवकरच परत लागू लागला, तर इंजेक्टरची गळती आणि टर्बोतून येणारे ऑइल तपासून येथे कळवा. साइटवर उभे असताना आपोआप सुरू झालेले रिजन चालक चावी फिरवून बंद करतो का, हेही त्यालाच विचारून पाहा.