कायम राहण्यासाठी शिडाची बोट: तीनपैकी कोणती घ्यावी, काय बदलावं?

पाणरेषा:
नमस्कार. पुढच्या वर्षी मी आणि नवरा घर आवरून शिडाच्या बोटीवर राहायला जातोय, निदान पाच वर्षांसाठी. दोघांनीही पन्नाशी ओलांडली आहे. आठ वर्षं दुसऱ्यांच्या बोटींवर जाऊन शिकलो, दोनदा महासागर पार केला, पण स्वतःची बोट ही पहिलीच. मार्ग व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यातला, वर्षातले बहुतेक दिवस नांगरावर.

हातातल्या पैशांचे शंभर भाग धरा. साठ खरेदीला, तीस दुरुस्ती आणि बदलांना, उरलेल्या दहांना हात लावायचा नाही. यात वाढ होणार नाही.

अ: ३७ फुटी कटर (एक डोलकाठी, पुढे दोन शिडं), १९७९ ची, लांब कील (बोटीखालचा वजनदार कणा, इथे जवळजवळ पूर्ण लांबीचा), वजन दहा टनांवर, टीकचं डेक.
ब: ३४ फुटी, १९८६ ची, फिन कील (आखूड, पंखासारखी), सुकाणूपुढे त्याला आधार देणारा स्केग. नीट राखलेली, पण आत अंधार आणि नवऱ्याचं डोकं छताला लागतं.
क: ४० फुटी, २००७ ची, भाड्याने फिरवायच्या ताफ्यातून निघालेली. रुंद, आत भरपूर उजेड, फिन कील, मागे आधाराशिवायचं स्पेड सुकाणू.

नवऱ्याचा एक गुडघा अधू आहे, तेही लक्षात घ्या. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

लांबकील:
अ. दुसरा विचारच करू नका. माझ्याकडे ३६ फुटी लांब कीलची बोट एकवीस वर्षं आहे. सुकाणू बांधून खाली नकाशा बघून आलो तरी ती दिशा सोडत नाही. सुहैली नावाची बोट फक्त ३२ फुटी होती, तिच्यावरून १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा झाली. हलकी, रुंद बोट समोरच्या लाटांवर आपटत राहते आणि माणूस तिसऱ्या दिवशी गळून जातो, हे मी भोगलंय.

दोनहल:
बजेट वाचलं, तरी सांगतो: कॅटामरान बघा, म्हणजे दोन हल (बोटीचं मुख्य धड) असलेली. नांगरावर डुलत नाही, कलत नाही, गुडघ्यासाठी तर उत्तमच. थोडे थांबा, पैसे जमवा, पण घ्या तीच. आम्ही चार वर्षं राहतोय, पुन्हा एका हलवर जाणार नाही.

लांबकील:
उलटली की उलटीच राहते, तेही सांगा. आणि सामान भरलं की वेग जातो.

दोनहल:
सामान कमी भरावं. आमची कधी उलटली नाही.

ओलंडेक:
पाणरेषाताई, अ घेण्याआधी माझी चूक ऐका. आम्ही अशीच जुनी बोट टीकच्या डेकवर भाळून घेतली. त्या काळात टीकच्या फळ्या हजारेक स्क्रूंनी खालच्या फायबरग्लासमध्ये ठोकत. फळी झिजली, वरची बुचं निघाली की प्रत्येक स्क्रू म्हणजे पाण्याला एक वाट. खाली गाभा बाल्साच्या हलक्या लाकडाचा. आम्ही पुढच्या हॅचजवळची एक फळी उचलली, बोट घातलं तर ते पेरभर आत गेलं. गाभ्याचा काळा, आंबूस वासाचा लगदा झाला होता. पूर्ण डेक उघडून नवा गाभा घालायला सात महिने गेले.

बघायला जाल तेव्हा प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर न्या आणि मुठीने सगळं डेक ठोकत चाला. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी फुटक्या मडक्यासारखा बद्द. कठड्याच्या खांबांच्या बुडाशी, चेनप्लेटच्या (डोलकाठीच्या तारा जिथे बोटीला अडकतात त्या पट्ट्या) आसपास आणि डोलकाठीपाशी आधी ठोका. जागा छोटी असेल तर उपाय सोपा: भोक मोठं पाडायचं, कडेचा ओला गाभा खरवडायचा, वाळू द्यायचं, घट्ट इपॉक्सी भरून त्यातून नवं भोक पाडायचं. पुढे पाणी आलं तरी गाभ्याला शिवत नाही.

लांबकील:
डेक दुरुस्त करता येतं, हलचा आकार बदलता येत नाही. माझं टीक अजून ठणठणीत आहे.

आकडेमोड:
तुमच्या वर्णनाजवळच्या बोटींचे आकडे धरून उलटण्याचा निर्देशांक काढला. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत वादळात पंधरा स्पर्धक गेले, त्यानंतर हे सूत्र आलं. बोटीचं वजन पौंडांत घ्यायचं, ६४ ने भागायचं, त्याचं घनमूळ काढायचं आणि फुटांतल्या रुंदीला त्याने भागायचं. उत्तर २ च्या आत हवं. साडेअकरा फूट रुंद, २२,५०० पौंडी बोट: १.६३. तेरा फूट रुंद, १७,००० पौंडी बोट: २.०२. म्हणजे क बाद.

धक्क्यावरची:
या सूत्रात गुरुत्वमध्य कुठेच येत नाही. तेच शिसं कीलच्या टोकाला लावा किंवा डोलकाठीच्या शेंड्याला, उत्तर तेच येईल. चाळणी म्हणून वापरा, पण एवढ्यावर बोट बाद करू नका. विक्रेत्याकडून स्थैर्याचा आलेख मागा, किती अंशांपर्यंत कलल्यावर ती स्वतःहून परत उठते ते त्यात दिसतं.

मी बोटी पाण्याबाहेर काढणाऱ्या यार्डात अकरा वर्षं काम करते, म्हणून क बद्दल थोडं लिहिते. अशा बोटींत तळाच्या आतल्या बाजूला आडव्या-उभ्या पट्ट्यांचा तयार सांगाडा चिकटवलेला असतो आणि कीलचा भार तो पेलतो. बोट जोरात खडकावर बसली की चिकटवलेला सांधा सुटू शकतो, वरून काही दिसत नाही. २०१४ मध्ये चीकी राफिकी नावाची ४० फुटी बोट अटलांटिकमध्ये कील निखळून उलटली, चौघे गेले. ती आधी काही वेळा तळाला लागलेली होती. भाड्याच्या बोटी तळाला लागतातच. तेव्हा क टांगत्या पट्ट्यांवर उचलून घ्या, कील आणि हलच्या सांध्यावर नवा फिलर किंवा गंजाची ओघळ आहे का बघा. मग कील हळूच टेकवा आणि सांध्याची फट हलते का ते डोळा लावून पाहा. आत फळ्या काढून कीलच्या मागच्या टोकापाशी सांगाडा ठोका. तिथेच आधी सुटतो.

तिन्ही बोटींसाठी एक सांगते: जिथे हात पोहोचत नाही तिथे बिघाड झाला तर समुद्रात काहीच करता येत नाही. प्रत्येक सीकॉक (हलमधून पाणी आत-बाहेर जाणाऱ्या भोकावरची झडप), प्रत्येक चेनप्लेट, इंजिनचा पाण्याचा पंप, सुकाणूचा क्वाड्रंट (चाकाच्या तारा सुकाणूला जोडणारा भाग), सगळ्यांना स्वतः हात लावून या. हात लागला नाही तर तसं लिहून ठेवा.

सागरफुले:
टीक डेकबद्दल ओलंडेक यांना अनुमोदन. आमचंही गळत होतं. ठोकून बघा.

बारा_व्होल्ट:
कोणतीही घ्या, पण पहिल्या दिवशी सौर पॅनेल आणि लिथियम बॅटऱ्या. शिसे-आम्लाची बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, लिथियममध्ये जवळजवळ सगळी वीज वापरता येते. मात्र माझ्यासारखी थेट इंजिनवरच्या जुन्या अल्टरनेटरला जोडू नका. ती मिळेल तेवढा करंट ओढत राहते. माझा अल्टरनेटर जळका वास येईपर्यंत तापला आणि नंतर बॅटरीच्या संरक्षक सर्किटने मधूनच तोडलं तेव्हा डायोडही गेले. अल्टरनेटर इंजिन सुरू करणाऱ्या शिशाच्या बॅटरीला द्या आणि तिथून डीसी-डीसी चार्जरने लिथियमला. पॅनेल बूमच्या (शिडाखालची आडवी काठी) सावलीत येणार नाही असं मागच्या कमानीवर. शिवाय पाणी गोडं करणारं यंत्र घ्याच.

सागरफुले:
त्या यंत्राचा पडदा क्लोरिनने खराब होतो. बंदरातल्या नळाच्या पाण्याने धुतला आणि गेला. टाक्या मोठ्या करा, पाऊस धरा.

नांगरवाला:
नांगराबद्दल अजून कोणी बोललेलं नाही आणि तुम्ही वर्षभर त्याच्याच भरवशावर झोपणार. नव्या आकाराचा, उत्पादकाच्या तक्त्यात लिहिलाय त्यापेक्षा एक माप मोठा नांगर घ्या. पूर्ण साखळी, खोलीच्या पाचपट, वारा वाढला की सातपट, आणि खोली मोजताना पुढच्या टोकाची पाण्यापासूनची उंची धरा. साखळीला नायलॉनचा दोर लावून ताण त्याच्यावर घ्या, साखळी ओढणाऱ्या विंचवर नाही.

लांबकील:
१० मिलिमीटरची साखळी मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास. ऐंशी मीटर म्हणजे १८० किलो पुढच्या टोकाला. हलकी बोट नाक खुपसून चालेल. पुन्हा सांगतो, अ. आणि स्पेड सुकाणू? २०२० पासून इबेरियाजवळ (स्पेन-पोर्तुगाल) ओर्का मासे सुकाणू मोडताहेत.

दोनहल:
ओर्का मासा नाही, सस्तन प्राणी आहे.

पाणरेषा:
सगळ्यांचे मनापासून आभार. त्या किनाऱ्याला आम्ही जाणार नाही. गेल्या तीन आठवड्यांत तिन्ही बोटी पुन्हा पाहिल्या, प्रत्येकीवर एक रात्र झोपलो.

अ: ठोकत गेले. डाव्या बाजूच्या मधल्या चेनप्लेटपासून हातभर लांब बद्द आवाज. चेनप्लेट फायबरग्लासमध्ये गाडलेल्या, दिसतच नाहीत, हात लागायचा प्रश्नच नाही. एका सीकॉकचा रंग खरवडला तर खाली पिवळा नव्हे, गुलाबी धातू.

धक्क्यावरची:
गुलाबी म्हणजे पितळेतलं जस्त निघून गेलंय, उरलंय ते सच्छिद्र तांबं. नुसत्या लाथेने तुटतं. कोणतीही बोट घ्या, सीकॉक ब्राँझचे बसवा आणि प्रत्येकाला त्याच मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवा.

ओलंडेक:
बरं झालं पाहिलंत.

आकडेमोड:
म्हणजे ब. स्केग आहे, निर्देशांकही चांगला येईल.

लांबकील:
ब चालेल. चेनप्लेट कापून बाहेरून नव्या लावता येतात, मी लावल्यात. पण ब चालेल.

पाणरेषा:
आम्ही क घेतोय. तुमच्यापैकी एकानेही ती सुचवली नव्हती, म्हणून कारणं लिहिते.

ब वर नवरा रात्री चार वेळा उठला. जिना जवळजवळ उभा, शेवटची पायरी त्याच्या गुडघ्याच्या वर. पोहून आल्यावर बाजूच्या शिडीने त्याला चढता आलं नाही, मी खालून ढकललं. क ला मागचा भाग पाण्यालगत उघडा आहे, तो तीन पावलांत आत आला. आमचे बहुतेक दिवस नांगरावर जाणार, म्हणजे हे चढणं-उतरणं रोज होणार.

धक्क्यावरचीने सांगितलं तसं क उचलून तपासलं. कील टेकवली, फट हलली नाही. मागच्या टोकापाशी एका पट्टीचा वीतभर सांधा सुटलेला निघाला. तो घासून काचकापड आणि इपॉक्सीने पुन्हा बांधायचं काम विक्रेत्याने किमतीतून वजा केलं. काम होईपर्यंत पैसे अडकवून ठेवलेत. बाकी जवळपास सगळीकडे हात पोहोचतो.

तीस भागांतले नऊ डोलकाठीच्या तारांना, त्या मूळच्या आहेत. पाच हायड्रोव्हेनला (वाऱ्याच्या दिशेवरून बोट आपोआप वळवणारं यंत्र): त्याला स्वतःचं सुकाणू असतं, मध्यापासून बाजूला बसवता येतं म्हणजे मागची वाट मोकळी राहते, आणि स्पेड मोडलं तर तेच संकटात कामी येईल. मग नांगर, सीकॉक, पॅनेल. लिथियम यंदा नाही, पाण्याचं यंत्र नाहीच. केबिन रुंद असल्यामुळे छताला दोन्ही बाजूंनी धरायला दांडे लावतोय, आणि मधल्या दोन बाकांना झोपलेला पडू नये म्हणून कापडी आड. प्रवासात तिथेच झोपायचं.

लांबकील:
मला पटलेलं नाही. तारा बदलताना तारांचा ताण चेनप्लेटपासून हलपर्यंत नेणारे आतले टाय-रॉडही बाहेर काढून बघा, एवढं मात्र ऐका.

धक्क्यावरची:
आणि तळाचा रंग आत्ता लावू नका. नांगर, साखळी, भरलेल्या टाक्या, सगळं सामान चढवून बोट पाण्यात सोडा आणि ती खरंच किती बुडते तिथे खूण करा. राहत्या बोटी जुन्या रेषेच्या दोन-तीन इंच खाली बसतात. मग बाहेर काढून खुणेच्याही वर चार बोटं रंग घ्या.